हसन कुठून आला?

‘द काइट रनर’ या कादंबरीत निवेदक अमीरच्या वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या, घरात एक जुना फोटो लावलेला आहे. साल १९३१. अमीरचे आजोबा आणि अफगाणिस्तानचा राजा नादिर शाह, दोघे शिकार केलेल्या हरणाजवळ उभे आहेत. त्यानंतर दोन वर्षांनी राजाचा खून झाला, असं निवेदक जाता जाता सांगतो आणि पुढे जातो. खून कोणी केला हे तो सांगत नाही. ८ नोव्हेंबर १९३३ रोजी काबूलमध्ये शाळकरी मुलांच्या एका समारंभात नादिर शाहवर गोळ्या झाडणारा अब्दुल खालिक हा नजात शाळेचा विद्यार्थी होता, आणि तो हजारा होता.

कादंबरीतही १९३३ हे साल महत्त्वाचं आहे. त्या वर्षी बाबांचा जन्म होतो. त्याच वर्षी पगमानच्या रस्त्यावर नशेत मोटार हाकणारी श्रीमंत घरची दोन मुलं एका हजारा नवरा-बायकोला चिरडतात. खटला न्यायाधीश असलेल्या आजोबांसमोर येतो. ते आरोपींना शिक्षा सुनावतात आणि मेलेल्यांच्या पोरक्या मुलाला घरी घेऊन येतात. तो मुलगा म्हणजे अली, हसनचा बाप. अली आणि बाबा एकत्र वाढतात, एकत्र हुंदडतात, पण एक मालक होतो आणि दुसरा नोकर. पुढच्या पिढीत अमीर आणि हसन तेच करतात.

खालिद हुसैनी यांची ही कादंबरी २००३ मध्ये आली आणि जगभर वाचली गेली. मराठीतही ती आली. बहुतेक वाचकांनी ती मैत्री, भेकडपणा आणि प्रायश्चित्त यांची गोष्ट म्हणून वाचली, आणि ती तशी आहेच. पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून अमीरने हसनवर जो अत्याचार होऊ दिला, तो हसन हजारा नसता तर झालाच नसता. त्या गल्लीपर्यंत येणारा रस्ता १८९० च्या दशकापासून निघतो, आणि तो राज्यसत्तेने बांधलेला आहे. कादंबरीत त्याची एखाद-दुसरी पाटी दिसते, पण कादंबरी त्या रस्त्याने फारशी चालत नाही.

आपल्याकडे अफगाण म्हटलं की पठाण डोळ्यांसमोर येतो. पानिपतामुळे अब्दाली आला, टागोरांमुळे काबुलीवाला आला, आणि मुंबईच्या गिरणगावात व्याजाने पैसे देणारा पठाण तर घरोघरी माहीत होता. हे सगळे पश्तून. प्रत्यक्षात तो देश पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक, तुर्कमेन, बलुच, नुरिस्तानी, एमाक अशा अनेक समाजांचा आहे. यांत कोण किती, हे कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण तिथे पूर्ण जनगणना कधी झालीच नाही. १९७९ मध्ये सुरू झालेली मोजणी अर्धवट राहिली. त्यामुळे प्रत्येक समाज आपला आकडा वाढवून सांगतो आणि शेजाऱ्याचा कमी करून.

हजारांचा मुलूख म्हणजे देशाच्या मधोमध पसरलेला डोंगराळ भाग, हजाराजात. बामियान, दायकुंडी, गझनी आणि वर्दकचा काही भाग, घोरच्या कडा. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बुजतात. जमीन थोडी, पाणी त्याहून थोडं. गहू, बटाटे आणि मेंढ्या यांवर पोट. चेहरेपट्टी मध्य आशियाई: बारीक डोळे, बसकं नाक, रुंद गाल. मंगोल फौजांचे वंशज ही त्यांच्याबद्दलची रूढ समजूत. अभ्यासकांना मंगोल, तुर्क आणि जुने इराणी भाषक रहिवासी यांचं मिश्रण जास्त पटतं. धर्माने बहुतेक शिया. काही इस्माइली आहेत, थोडे सुन्नीही आहेत. भाषा मात्र फारसीच, हजारगी वळणाची. हे लक्षात ठेवायला हवं, कारण अमीर आणि हसन एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती दोघांचीही घरची भाषा आहे. अमीरचं घर पश्तून असलं तरी काबूलच्या वरच्या थरातल्या कित्येक पश्तून घरांप्रमाणे फारसीत जगणारं. वंश, पंथ आणि भाषा यांच्या रेषा एकावर एक बसत नाहीत.

मग दरी पडली कुठे? पंथाचा दुस्वास जुना होता, पण खरा कडेलोट अमीर, म्हणजे राजा, अब्दुर रहमान खानच्या काळात झाला. १८८० ते १९०१ ही त्याची कारकीर्द. रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या कचाट्यात सापडलेल्या या देशाला त्याने इंग्रजांच्या पैशाने आणि बंदुकांनी एका सत्तेखाली आणलं. तोपर्यंत हजाराजातमध्ये स्थानिक मीर आणि सय्यद यांचंच चालत असे. अब्दुर रहमानने तिथे फौजा घातल्या, कर बसवले, शस्त्रं काढून घेतली. १८९१ मध्ये मुलूख ताब्यात आला असं वाटत असतानाच शिपायांच्या अत्याचारांनी उरुझगानात उठाव पेटला. १८९२ मध्ये तो सगळीकडे पसरला, आधी अमीराच्या बाजूने असलेले हजारा सरदारही फिरले. तेव्हा अब्दुर रहमानने पंथाचं हत्यार बाहेर काढलं. सुन्नी मुल्लांकडून शियांना काफिर ठरवून घेतलं आणि जिहाद पुकारला. सरकारी फौजेबरोबर टोळ्यांचे जमाव लुटीच्या आशेने डोंगरात शिरले. १८९३ पर्यंत सगळं संपलं.

त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं आहे. उरुझगानची सुपीक जमीन पश्तून टोळ्यांना वाटली गेली. हजाराजातमधली उन्हाळी कुरणं कोची या भटक्या पशुपालकांना दिली गेली. बायका, मुलं, पुरुष गुलाम म्हणून काबूल आणि कंदाहारच्या बाजारात विकले गेले, आणि या विक्रीवर सरकारने रीतसर कर घेतला. ज्यांना जमलं ते क्वेट्याला आणि इराणातल्या मशहदला पळाले. किती मेले, किती विकले गेले, याच्या आकड्यांवर आजही वाद आहेत. व्यवहार मात्र कागदोपत्री आहे, आणि त्याची नोंद ठेवणारा माणूस स्वतः हजारा होता. फैज मुहम्मद कातिब हा दरबारी लेखक. अब्दुर रहमानच्या मुलाने, हबीबुल्लाने, त्याला राजघराण्याचा इतिहास लिहायला सांगितलं. त्याने ‘सिराज-उत-तवारीख’ लिहिलं आणि त्या गौरवग्रंथातच आपल्या लोकांच्या कत्तलीचा, जप्तीचा, विक्रीचा तपशील सरकारी दप्तरातून घेऊन ठेवला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त कुतूहल या माणसाचं वाटतं. मालकाच्याच शाईने त्याने हे लिहून ठेवलं.

कादंबरीत अमीर बापाच्या खोलीतलं एक पुस्तक चाळतो आणि त्यात हजारांवर अख्खं प्रकरण पाहून चकित होतो, कारण शाळेच्या पुस्तकात त्यातलं काहीच नसतं. पुढच्या आठवड्यात तो शिक्षकाला ते दाखवतो, आणि शिक्षक नाक मुरडतो. पान-दोन पानांचा हा प्रसंग आहे, पण तो अगदी खरा आहे. ज्या राज्याने हे केलं त्याच राज्याची पाठ्यपुस्तकं ती होती.

क्वेट्याला गेलेल्यांचं नशीब वेगळं निघालं. १९०४ मध्ये इंग्रजांनी तिथे हजारा पायोनियर्स ही पलटण उभारली. ती १९३३ मध्ये मोडली, पण त्या वाटेने पुढे आलेले मुहम्मद मुसा १९५८ ते १९६६ पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. सरहद्दीच्या अलीकडे जनरल होऊ शकणारा समाज पलीकडे हमाल राहिला. त्यामुळे ‘स्वभावानेच सोशिक हजारा’ ही जी प्रतिमा हसनमुळे मनात बसते ती थोडी तपासून घ्यायला हवी.

गुलामगिरी राजा अमानुल्लाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने बंद केली. माणसं मोकळी झाली, पण जमीन परत मिळाली नाही. कोची दर उन्हाळ्यात कळप घेऊन येत, सोबत कापड, चहा, साखर आणत, आणि ते उधारीवर देत. व्याज चढत जाई, शेवटी शेतच जाई. याच्या जोडीला १९४० च्या दशकात सरकारने हजारांकडून तुपाच्या रूपात कर वसूल करायला सुरुवात केली. घरात जनावर दुभतं आहे की भाकड, याची चौकशी नाही. १९४६ च्या सुमारास शहरिस्तानच्या इब्राहिम खानाने याविरुद्ध हत्यार उचललं आणि सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. हजारांच्या आठवणींत ‘गाव-सवार’, म्हणजे बैलावर बसणारा, या नावाने तो अजून आहे.

अशा मुलखातून माणसं काबूलला आली ती पाठीवर ओझं वाहायला, हातगाडी ओढायला आणि श्रीमंतांच्या घरी राबायला. वझीर अकबर खान या उच्चभ्रू वस्तीतल्या बाबांच्या बंगल्यामागची अली-हसनची मातीची झोपडी ही त्या काबूलची खरी रचना आहे. अमीर सकाळी शाळेला जातो तेव्हा हसन त्याचे कपडे इस्त्री करून, न्याहारी मांडून, दप्तर भरून मोकळा झालेला असतो. हसन त्याला ‘अमीर आगा’ म्हणतो, अमीर त्याला नुसतं ‘हसन’. त्याला आपण कधी मित्र मानलंच नाही, असं अमीर मोकळेपणाने कबूल करतो. माझ्या मते या दोघांमधली सर्वांत खोल दरी पंथाची नाही आणि नाकाडोळ्यांचीही नाही. ती अक्षराची आहे. अमीर वाचू शकतो, हसन नाही. डाळिंबाच्या झाडाखाली गोष्ट वाचून दाखवताना अमीर एका अवघड शब्दाचा खोटाच अर्थ सांगून त्याची फजिती करतो, तिथे पुढच्या सगळ्या दगाबाजीची सुरुवात आहे. हुसैनी यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे की लहानपणी आपल्या घरातल्या हजारा स्वयंपाक्याला त्यांनी लिहा-वाचायला शिकवलं होतं. अमीरने जे केलं नाही ते लेखकाने केलं होतं.

आणि तरीही दोघांमध्ये सामायिक असं पुष्कळ होतं. दोघांनी एकाच दाईचं दूध प्यायलेलं आहे. मुस्लिम समाजात याला मोठा अर्थ आहे. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं धर्मशास्त्राने भावंडं ठरतात, त्यांच्यात लग्नसंबंध होऊ शकत नाहीत. वंश आणि पंथ ओलांडणारं हे नातं हुसैनी सुरुवातीलाच मांडून ठेवतात. पुढे रक्ताच्या नात्याचं जे गुपित फुटतं, त्याची खरं तर मला गरज वाटत नाही. दुधाने ते दोघे भाऊ होतेच. हसन बाबांचाच मुलगा निघाल्यामुळे त्याच्या मुलाला वाचवणं हा घरचा मामला होऊन बसतो. कोणा परक्या हजारा मुलासाठी अमीर काबूलला परत गेला असता का, हा प्रश्न त्यामुळे कादंबरीला टाळता येतो.

दुसरी सामायिक गोष्ट ‘शाहनामा’. फिरदौसीने तो साधारण १०१० मध्ये पुरा केला आणि गझनीच्या महमूदाच्या दरबारासाठी सिद्ध केला. सोमनाथमुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा महमूद. ‘शाहनामा’ इराणचं महाकाव्य म्हणून गाजलेला असला तरी अफगाणांचाही त्यावर तितकाच हक्क आहे. रुस्तुमची आई रूदाबा काबूलच्या राजाची मुलगी, सोहराबची आई तहमीना समनगानची. ही ठिकाणं आजच्या अफगाणिस्तानात आहेत. शिवाय हे काव्य फक्त वाचण्याचं नाही. हिवाळ्याच्या रात्री एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी शाहनामा-वाचनाची परंपरा गावोगावी होती, हजाराजातमध्येही. म्हणून निरक्षर हसनला रुस्तुम-सोहराबची कथा जवळची असणं आणि त्याने मुलाचं नाव सोहराब ठेवणं यात लेखकाने मुद्दाम घातलेलं असं काही नाही. काबूलच्या स्वयंपाकघरातही फिरदौसी पोहोचलेला होता.

तिसरी गोष्ट पतंग. काबूलमध्ये शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते आणि पतंगांचा मोसमही तोच. काचेची पूड लावलेला मांजा, कापलेली बोटं, गच्च्यांवर गर्दी. हे सगळं संक्रांतीला गच्चीवर गेलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. पेच लढवणारा एक आणि फिरकी धरणारा दुसरा, ही तिथलीही पद्धत. पतंग कोण उडवणार आणि फिरकी कोण धरणार हे वझीर अकबर खानमध्ये आधीच ठरलेलं होतं. पण कटलेला पतंग पकडायला धावणं हे फिरकीवाल्याचं स्वतःचं क्षेत्र, तिथे हसन राजा होता. त्याच्यावर अत्याचार होतो तो नेमका त्या विजयाच्या क्षणी.

पश्तून बाजूबद्दल दोन शब्द हवेत, कारण कादंबरी वाचून ‘पश्तून म्हणजे जुलमी’ असं समीकरण मनात बसू शकतं. पश्तूनांमध्ये दुराणी आणि घिलझई ही जुनी चढाओढ आहे, आणि अब्दुर रहमानने हजारांच्या आधी, १८८० च्या दशकात, घिलझई पश्तूनांचा उठावही तितक्याच क्रूरपणे मोडला होता. १८९० च्या दशकातच त्याने काफिरिस्तान जिंकून तिथल्या लोकांना मुसलमान केलं. बाबांच्या तोंडी असणारे नंग आणि नामूस, म्हणजे स्वतःची अब्रू आणि घरच्या स्त्रियांची अब्रू, हे पश्तून आचारसंहितेचे खांब आहेत. बाबा एका रशियन सैनिकासमोर परक्या बाईच्या अब्रूसाठी छाती पुढे करतात. त्याच बाबांनी अलीच्या घरातली अब्रू घेतली होती. नोकराच्या नामूसची किंमत मालकाच्या हिशेबात वेगळी होती, हे कादंबरीतलं सर्वांत धारदार समाजशास्त्र आहे.

खलनायक आसेफ मात्र मला कच्चा वाटतो. आई जर्मन, आदर्श हिटलर, पुढे तालिबान. विष बाहेरून आल्यासारखं दाखवलं की घरच्या विषाची जबाबदारी हलकी होते. तरी हा धागा अगदीच उपरा नाही. १९३० च्या दशकात काबूलच्या राज्यकर्त्या वर्तुळात जर्मनीचं वजन होतं, अफगाण हे मूळ आर्य असा सिद्धांत सरकारी आशीर्वादाने रुजत होता, पश्तोला राष्ट्रभाषा करण्याची धडपड होती. विमान कंपनीचं नावही पुढे ‘आरियाना’ ठेवलं गेलं. गंमत म्हणजे नादिर शाहला मारणारा अब्दुल खालिक ज्या नजात शाळेत शिकत होता ती जर्मन माध्यमाचीच शाळा होती. त्याने तो खून हजारांसाठी केला असं सहसा मानलं जात नाही. राजाने संपवलेल्या चर्खी घराण्याचा तो सूड होता, आणि त्याचं कुटुंब त्या घराण्याच्या जवळचं होतं. घराण्यावरची निष्ठा हसनला गप्प बसवते, अब्दुल खालिकच्या हातात तिने पिस्तूल दिलं. त्याच्यासोबत त्याचे नातेवाईक आणि शाळेतली माणसंही मारली गेली.

१९७३ ला झहीर शाहची राजवट गेली, १९७८ ला कम्युनिस्ट आले, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा. अमीरचं घराणं पेशावरमार्गे कॅलिफोर्नियाला निघून जातं आणि पुढचा वीस वर्षांचा काळ कादंबरी बाबांचा मित्र रहीम खान याच्या तोंडून भराभर सांगते. या काळात हजारा नुसते मार खात राहिले नाहीत. १९८९ मध्ये बामियानला त्यांच्या गटांनी एकत्र येऊन हिज्ब-ए-वहदत हा पक्ष काढला, अब्दुल अली मझारी त्याचा नेता झाला. काबूलच्या यादवीत त्यांनीही अत्याचार केले. फेब्रुवारी १९९३ मध्ये काबूलच्या अफशार भागात त्यांच्या वस्तीवर हल्ला झाला तो मसूद आणि सय्याफ या मुजाहिदीन नेत्यांच्या फौजांनी केला. यातला मसूद ताजिक, म्हणजे सरळ पश्तून-विरुद्ध-हजारा असा हा हिशेब नाही. १९९५ मध्ये तालिबानच्या ताब्यात असताना मझारी मारला गेला. १९९७ मध्ये मझार-ए-शरीफमध्ये तालिबानचा पराभव झाला, त्यांचे हजारो कैदी मारले गेले. ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने शहर परत घेतलं आणि घरोघर फिरून हजारा पुरुषांना ठार केलं. ह्यूमन राइट्स वॉचने मृतांचा अंदाज किमान २,००० सांगितला. मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. हजारांच्या लोककथेत त्या मूर्ती म्हणजे सलसाल आणि शाहमामा हे प्रेमी युगुल. शेकडो वर्षं मुसलमान असलेल्या या लोकांनी त्या आपल्या गोष्टींत सामावून घेतल्या होत्या.

कादंबरीवर २००७ मध्ये चित्रपट निघाला. चित्रीकरण चीनमधल्या काशगरमध्ये झालं. अत्याचाराच्या दृश्यामुळे काबूलमधल्या बालकलाकारांच्या जिवाला धोका होईल या भीतीने प्रदर्शन काही आठवडे लांबवून त्यांना देशाबाहेर हलवावं लागलं, आणि अफगाण सरकारने वांशिक तेढ वाढेल या कारणाने चित्रपटावर बंदी घातली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, ही परदेशातल्या काही अफगाणांचीही तक्रार होती. मला दुसरी तक्रार जास्त रास्त वाटते. या कादंबरीत हजारा माणूस सोसतो, क्षमा करतो आणि मरतो. कथा पश्तून मुलाच्या अपराधभावाची आहे, हसन त्या अपराधाचं निमित्त. मोठेपणी तो लिहायला शिकतो आणि एक पत्र धाडतो. तेवढाच त्याचा स्वतःचा आवाज.

२००१ नंतर खऱ्या हजारांनी नेमकी तीच जागा धरली: अक्षर. २००४ च्या राज्यघटनेने शियांच्या जाफरी कायद्याला मान्यता दिली. २००५ मध्ये हबीबा सराबी बामियानच्या, म्हणजे देशातल्याच, पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रोहुल्ला निकपाई या हजारा तरुणाने तायक्वांदोत कांस्यपदक आणलं, ते अफगाणिस्तानचं पहिलं ऑलिंपिक पदक. पण खरा बदल काबूलच्या पश्चिमेला, दश्त-ए-बरची या धुळकट वस्तीत झाला. ओझी वाहणाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना, आणि मुलींनाही, शाळेत आणि शिकवणीला घातलं. अझीझ रोयेश यांची मारफत शाळा त्यातली सर्वांत गाजलेली. पुढे हल्लेखोरांनीही हेच हेरलं. मे २०२१ मध्ये सय्यद-उल-शुहदा शाळेबाहेर ऐंशीहून अधिक जीव गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये काज या शिकवणी वर्गात पन्नासहून अधिक. दोन्हीकडे बहुतेक मुली. तोवर पुन्हा सत्तेवर आलेल्या तालिबान सरकारने त्या डिसेंबरात मुलींसाठी विद्यापीठंच बंद केली.

हसनची गोष्ट आता इतर ठिकाणांहून येते आहे. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या जहाजाने हिंदी महासागरात बुडणाऱ्या बोटीवरून ४३३ जणांना वाचवलं. त्यांत बहुतेक हजारा होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिलं नाही. न्यूझीलंडने काहींना घेतलं. त्यांच्यातल्याच एका मुलाने, अब्बास नझारीने, मोठेपणी ‘आफ्टर द टाम्पा’ हे पुस्तक लिहिलं, ते २०२१ मध्ये आलं. ‘द काइट रनर’ वाचून झाल्यावर ते जरूर हाती घ्यावं. त्यात हजारा मुलाची गोष्ट हजाराच सांगतो.